सांडपाण्याची नळी : उंच, मोकळी, घट्ट



घरात पाणी कधी येते, किती येते, याकडे आपले सर्वांचे लक्ष असते. तोटीला पाणी आले की आपण बादल्या लावतो, पिंप भरतो. वापरलेले पाणी घरातून कसे जाते, याचा विचार मात्र आपण ते तुंबल्यावरच करतो. आजचा धडा या जाणाऱ्या पाण्याचा आहे.

भांडी धुण्याचे यंत्र, म्हणजे डिशवॉशर, आता आपल्या बजाजनगरातही दिसू लागले आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या आधाराने ही वस्ती वाढली. नवरा-बायको दोघेही पाळीवर जाणारी घरे येथे पुष्कळ आहेत. रात्री दमून आल्यावर भांड्यांचा ढीग कोणी घासायचा, हा प्रश्न घरोघरी आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत बाहेरून मदतीला येणाऱ्या बायका येऊ शकल्या नाहीत. त्या वेळी देशात हे यंत्र पुष्कळ घरांनी घेतले.

यंत्र मोठे असते, महाग असते. ते आणताना आपण चार दुकाने फिरतो. पण त्याच्या पाठीमागे एक साधी करडी नळी असते. तिच्यातून खरकटे पाणी बाहेर जाते. ती नळी चुकीची जोडली, तर धुतलेल्या ताटांवर घाण पाणी परत येते. म्हणून ही नळी नीट समजून घेऊ.

हे यंत्र काय करते?

हे यंत्र नवे वाटते, पण त्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात जोसेफिन कॉक्रेन नावाची एक बाई राहत होती. तिने १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. १८९३ साली शिकागो शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तेथे तिचे यंत्र लोकांनी पाहिले. आरंभी ते हॉटेलांनी घेतले. सामान्य घरांत ते पुष्कळ वर्षांनी आले.

यंत्राचे काम असे चालते. एका नळीने स्वच्छ पाणी आत येते. हे पाणी थोडेच असते, तीन-चार लिटर. यंत्र ते तापवते. आत फिरणारे हात असतात, त्यांना भोके असतात. त्या भोकांतून पाणी जोराने भांड्यांवर उडते. तेच पाणी तळाशी जमते, जाळीतून गाळले जाते आणि पुन्हा वर उडते. काही वेळाने ते खराब होते. मग एक छोटा पंप ते पाणी सांडपाण्याच्या नळीने बाहेर ढकलतो. पुन्हा नवे पाणी आत येते. असे तीन-चार वेळा होते.

बारा-चौदा जणांची भांडी मावणाऱ्या यंत्राला एका फेरीस साधारण ९ ते १४ लिटर पाणी लागते. म्हणजे एक बादलीभर. तोटी सोडून भांडी घासली तर यापेक्षा कितीतरी जास्त पाणी जाते. आपल्या मराठवाड्यात पाण्याची किंमत काय आहे, हे कोणी सांगायला नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. तेव्हा पाणी वाचवणारे यंत्र चांगलेच. पण नळी चुकली, तर हेच यंत्र पाणी उधळते. ते कसे, हे कळण्यासाठी आधी पाण्याचा स्वभाव पाहू.

पाण्याचा स्वभाव

पाणी आपोआप खाली जाते. वर न्यायचे असेल, तर त्याला ढकलावे लागते. पैठणच्या जायकवाडी धरणातील पाणी आपल्याला मिळते. धरण खाली आहे आणि आपण उंचावर आहोत. म्हणून मोठे पंप लावून ते पाणी चढवावे लागते. वीज गेली, पंप थांबला, की आपल्या तोट्या कोरड्या पडतात.

आता दुसरी गोष्ट. आपल्या शहरातील पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. तेथे डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून लांबून आणले होते. ते पाणी उंच भिंतीवर चढे आणि तेथून हौदात पडे. त्या पाण्याच्या जोरावर दळणाचे जाते फिरे. ते पाणी भिंतीवर कोणी चढवले? तेथे पंप नव्हता. झऱ्याची जागा भिंतीहून उंच होती. नळ बंद होता, भरलेला होता. म्हणून मागच्या पाण्याचा दाब पुढच्या पाण्याला वर चढवी. जुन्या कारागिरांना पाण्याचा स्वभाव चांगला ठाऊक होता.

तिसरी गोष्ट घरातलीच आहे. पिंपातले पाणी बादलीत घ्यायचे असते. आपण एक रबरी नळी घेतो. तिचे एक टोक पिंपात बुडवतो. दुसरे टोक तोंडाने ओढून चटकन बादलीत सोडतो. मग पाणी आपोआप वाहू लागते. ते पिंपाच्या काठावर चढते आणि पलीकडे उतरते. बादलीतले टोक पिंपातल्या पाण्यापेक्षा खाली आहे, तोवर ते वाहतच राहते. याला सायफन म्हणतात.

ही धार थांबवायची कशी? दोन उपाय आहेत. बाहेरचे टोक पिंपातल्या पाण्यापेक्षा उंच धरावे. नाहीतर नळीत वरच्या बाजूने हवा जाऊ द्यावी. हवा शिरली की धार तुटते. हे दोन उपाय मनात पक्के ठेवा. सगळा धडा त्यांत आहे.

दोन धोके

पहिला धोका : घाण पाणी परत येणे.

बहुतेक घरांत यंत्राची नळी ओट्याखाली सिंकच्या पाईपला जोडतात. समजा, सिंकचा पाईप तुंबला. भाताची शिते, चहाचा चोथा, तेलाचा ओशटपणा यांनी तो तुंबतोच. सिंकमध्ये पाणी साचते. त्यात मटण धुतलेले पाणी असेल, भाजीची माती असेल. नळी जमिनीवरून आडवी नेऊन तशीच जोडलेली असेल, तर ते पाणी वाट शोधते. यंत्राचा तळ खाली आहे. पाणी त्या नळीत शिरते आणि यंत्रात उतरते. आत धुतलेली भांडी असतात. त्यांत बाळाची वाटी-चमचा असतो. वरून पाहता भांडी चकचकीत दिसतात, पण तळातले घाण पाणी पुढच्या फेरीला त्यांच्यावरच उडते. अशा पाण्याने पोट बिघडते.

पुष्कळ यंत्रांत पाणी परत येऊ नये म्हणून एक छोटी झडप असते. पण झडपेत एखादे शीत किंवा लिंबाची बी अडकली, की ती नीट मिटत नाही. केवळ झडपेवर भरवसा ठेवू नये.

दुसरा धोका : चांगले पाणी निघून जाणे.

काही जण ही नळी मोरीत जमिनीवर टाकून देतात. कपडे धुण्याच्या यंत्राची तशीच टाकलेली असते, मग हिची का नको, असे त्यांना वाटते. पंप एकदा चालला की नळी पाण्याने भरते. नळीचे टोक यंत्रातल्या पाण्यापेक्षा खाली असते. मग काय होणार? पिंप आणि बादली आठवा. पंप थांबला तरी पाणी वाहत राहते. यंत्र नवे पाणी घेते, तेही निघून जाते. यंत्राला वाटते, अजून भरले नाही. ते आणखी पाणी घेते.

हिशेब करू. समजा, यंत्रात मिनिटाला ३ लिटर पाणी येते आणि तेवढेच बाहेर जाते. २० मिनिटांत किती गेले? ३ गुणिले २०, म्हणजे ६० लिटर. १५ लिटरच्या चार बादल्या मोरीत गेल्या आणि भांडी तशीच राहिली. नवी यंत्रे काही वेळाने खूण दाखवून थांबतात. पण तोवर पाणी गेलेले असते. वर ‘यंत्र बिघडले’ म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावावे लागते. यंत्र बिघडलेले नसतेच, नळी चुकलेली असते.

तीन नियम

या दोन धोक्यांवर तीन नियम आहेत.

पहिला नियम, उंच. नळी आधी वर न्यावी, ओट्याच्या फरशीला लागेल इतकी वर. तेथे ती पक्की बांधावी आणि मग सिंकच्या पाईपकडे उतरवावी. म्हणजे तुंबलेल्या पाण्याला यंत्रात यायला एवढा चढ चढावा लागेल.

येथे एक बारीक गोष्ट आहे. नळी वर नेली आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा पार जमिनीपर्यंत सोडली, तर घाण पाणी यायचे टळेल, पण सायफन टळेलच असे नाही. पिंपाचा काठही उंचच असतो, तरी पाणी तो ओलांडून बादलीत उतरते. म्हणून नळीचे शेवटचे टोकसुद्धा उंचावर असले पाहिजे. नळीचा मधला भाग उंच आणि टोकही उंच, असे दोन्ही हवे.

दुसरा नियम, मोकळी. नळीला पीळ नसावा, ती चेपलेली नसावी. नळी उभ्या पाईपात सोडली असेल, तर तिच्याभोवती हवेला जागा असावी. टोक पाण्यात बुडलेले नसावे.

तिसरा नियम, घट्ट. सिंकच्या पाईपला जोडतो तेथे क्लॅम्प लावावा. पंप पाणी जोराने ढकलतो. नुसती कोंबलेली नळी एखाद्या रात्री निसटते. मग स्वयंपाकघरात पाणी, आणि आपण वरच्या मजल्यावर असू तर खालच्यांच्या छतातून गळती. शेजाऱ्याशी भांडण व्हायला एवढे पुरे होते.

आधी पुस्तक वाचा

यंत्राबरोबर एक पुस्तक येते. ते बहुधा खोक्यातच राहते आणि रद्दीत जाते. ते जपून ठेवा. त्यात नळीचे चित्र असते. चित्राशेजारी दोन आकडे असतात. पुष्कळ यंत्रांच्या चित्रात किमान ४० सेंटिमीटर आणि कमाल १०० सेंटिमीटर असे काहीसे लिहिलेले असते. तुमच्या यंत्राचे आकडे वेगळे असू शकतील. तुमच्या पुस्तकात असतील तेच खरे.

किमान म्हणजे कमीत कमी. कमाल म्हणजे जास्तीत जास्त. नळीचे टोक जमिनीपासून किमान आकड्याच्या वर आणि कमाल आकड्याच्या खाली असावे. फार खाली असले तर पाणी आपोआप निघून जाते. फार वर असले तर छोट्या पंपाला पाणी चढवता येत नाही. ते पाणी यंत्राच्या तळाशी राहते आणि वास मारते.

४० सेंटिमीटर म्हणजे साधारण १ फूट ४ इंच. १०० सेंटिमीटर म्हणजे साधारण ३ फूट ३ इंच. मोजपट्टीवर एका बाजूला सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला इंच असतात. कोणती बाजू वाचतो आहोत, हे आधी पाहावे. ४० सेंटिमीटरच्या जागी ४० इंच मोजले, तर नळी कमाल उंचीच्याही वर जाईल.

साहित्य

मोजपट्टी, पेचकस, क्लॅम्प, भिंतीला नळी बांधायची पट्टी, बादली, पोतेरे, बॅटरी आणि जुने वर्तमानपत्र. सिंकखालचा ट्रॅप जुना असेल, तर नळी जोडायचे तोंड असलेला नवा ट्रॅप आणावा. दुकानात ‘डिशवॉशरची नळी जोडायचे तोंड असलेला ट्रॅप’ असे सांगितले की देतात.

ट्रॅप म्हणजे सिंकखालचा वाकडा किंवा बाटलीसारखा भाग. त्यात थोडे पाणी नेहमी साठून राहते. ते पाणी पडद्यासारखे काम करते. गटारातला वास आणि झुरळे त्यापलीकडे अडतात. म्हणून यंत्राची नळी ट्रॅपच्या आधी, म्हणजे साठलेल्या पाण्याच्या वरच्या बाजूला जोडावी. ट्रॅपच्या पुढे जोडली तर गटाराचा वास थेट यंत्रात येईल.

जोडणी, पायरी पायरीने

१. यंत्राचा प्लग काढावा. पाण्याची तोटी बंद करावी. ओल्या हाताने विजेला हात लावू नये. प्लगची जागा नळ्यांच्या खाली नसावी, बाजूला व कोरडी असावी.

२. यंत्र पूर्ण आत सरकवण्याआधी नळी मागून काढून घ्यावी. मागाहून हात पोचत नाही.

३. ट्रॅपचे तोंड पाहावे. नव्या ट्रॅपचे हे तोंड पुष्कळदा आतून पातळ प्लॅस्टिकने बंद असते, किंवा त्यावर टोपी असते. ज्या घरी यंत्र नाही, त्यांच्या ओट्याखाली पाणी गळू नये, म्हणून ते बंद ठेवलेले असते. आपण ते उघडले पाहिजे. टोपी काढावी, आतला पडदा जपून कापावा. कापलेला तुकडा आत पडू देऊ नये. कडा बोटाने तपासावी, काही लोंबत राहिले असेल तर काढावे. हा पडदा तसाच राहिला, तर पंप कितीही चालला तरी पाणी बाहेर जाणार नाही.

४. नळी यंत्राच्या मागून वर न्यावी. ओट्याच्या फरशीला जवळजवळ टेकेल एवढी. तेथे पट्टीने भिंतीला बांधावी. पट्टी इतकी आवळू नये की नळी चेपेल.

५. तेथून नळी ट्रॅपच्या तोंडाकडे उतरवावी. तोंडाची उंची मोजपट्टीने जमिनीपासून मोजावी. पुस्तकातल्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे ना, हे पाहावे.

६. आधी क्लॅम्प नळीवर चढवावा, मग नळी तोंडावर पुरती बसवावी, मग क्लॅम्प आवळावा. घट्ट आवळावा, पण रबर कापले जाईल इतका नको. कारखान्यात होज पाईपवर क्लॅम्प आवळणाऱ्या आपल्या भावांना हे हाताचे काम शिकवायला नको.

७. नळी लांब वाटली म्हणून मनाने कापू नये. तिचे टोक जोडणीसाठी गुळगुळीत असते आणि मधला भाग वळ्यांचा असतो. वळ्यांच्या भागावर क्लॅम्प नीट बसत नाही. नळी कमी पडली, तर पुस्तकात सांगितली असेल तेवढीच वाढवावी. फार लांब नळीने पंपावर भार येतो.

८. यंत्र हळूहळू मागे सरकवावे. एकाने सरकवावे, दुसऱ्याने बॅटरी घेऊन नळी पाहावी. नळी यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये चेपता कामा नये.

मोरीत सोडायची असेल तर

काही घरांत सिंक लांब असते आणि मोरी जवळ असते. तेव्हा नळी मोरीत सोडता येते, पण जमिनीवर टाकून नव्हे. मोरीच्या कोपऱ्यात एक उभा पाईप बसवून घ्यावा. त्याचे आतले माप निदान ४० मिलिमीटर असावे. त्याचे वरचे तोंड पुस्तकातल्या उंचीवर असावे. खाली तो मोरीच्या ट्रॅपला जोडलेला असावा. नळीचे वाकडे टोक या पाईपात वरून अडकवावे आणि बांधावे. फार खोल घालू नये.

आता एक मोह होतो. नळी आणि पाईप यांच्यामधली फट काही जण चिंध्या कोंबून किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवतात. वास येऊ नये, असा त्यांचा हेतू असतो. पण त्या फटीतूनच हवा येते आणि सायफनची धार तुटते. फट बुजवू नये. वास येत असेल, तर खालच्या ट्रॅपमध्ये पाणी आहे का, ते पाहावे.

तपासणी

जोडून झाले म्हणजे काम संपले असे नाही. चार तपासण्या कराव्यात.

पहिली : यंत्राचे दार उघडे ठेवावे. सिंकला बूच लावून ते पाण्याने भरावे. मग बूच काढावे. पाणी जात असता यंत्राच्या तळाशी पाहावे. जाळीखाली थोडे पाणी नेहमीच असते, त्याची चिंता नको. नवे पाणी येत असेल, तर नळी अजून वर न्यायला हवी.

दुसरी : यंत्र रिकामे चालवावे, सर्वांत लहान फेरीवर. पाणी बाहेर पडताना सिंकखाली बॅटरीने पाहावे. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवावा. थेंबभर पाणी पडले तरी कागदावर डाग दिसतो.

तिसरी : यंत्र पाणी भरत असता कान देऊन ऐकावे. पाणी भरताना सिंकच्या पाईपातही सतत धार ऐकू येत असेल, तर सायफन लागला आहे, असे समजावे.

चौथी : दोन दिवसांनी क्लॅम्प पुन्हा पाहावा. गरम पाण्याने रबर थोडे बसते. गरज असेल तर पेचकसाचा अर्धा फेरा द्यावा.

शंका-समाधान

हा धडा वर्गात घेताना ज्या शंका निघाल्या, त्या येथे देतो.

एक भाऊ म्हणाले, “गुरुजी, कंपनीचा माणूस येऊन जोडून देतो की. मग आपण कशाला शिकायचं?”

“भाऊ, तो जोडून देतो, ते चांगलेच आहे. आणि कंपनीची हमी त्यावरच असेल, तर त्यालाच जोडू द्यावे. पण तो अर्ध्या तासात जातो. पुढे आपण ओट्याखाली डबे ठेवतो, झाडताना नळी ओढली जाते, पट्टी सुटते. नळी खाली आली, हे कोणाला दिसणार? घरातल्या माणसालाच ना? म्हणून घरातल्या माणसाला ठाऊक पाहिजे.”

एका वहिनींनी विचारले, “यंत्र पाणी सोडतं तेव्हा सिंकमधून गुळगुळ आवाज येतो. ते वाईट आहे का?”

“वहिनी, नुसता आवाज आला तर भिऊ नका. पाण्याबरोबर हवा हलते, म्हणून आवाज होतो. पण सिंकमध्ये पाणी वर चढून येत असेल, तर पुढचा पाईप तुंबत आला आहे. यंत्र थांबवा आणि पाईप साफ करून घ्या.”

एक ताई चार घरची धुणी-भांडी करतात. त्या म्हणाल्या, “गुरुजी, आमच्या एका घरी हे यंत्र आलं. आता आमचं काम जाईल, असं वाटतं. ते शिकून मी काय करू?”

हा प्रश्न खरा आहे. त्यांना खोटा धीर देता येत नाही. काही घरांत काम कमी होते. मात्र लोखंडी भांडी, ओटा आणि फरशी यंत्राने होत नाही. यंत्राची जाळीही कोणी तरी काढून धुवावी लागते. मी त्यांना म्हटले, “ताई, त्या घरातल्या ओट्याखाली एकदा वाकून पाहा. नळी उंच आहे का, तेवढेच पाहा.”

पुढच्या आठवड्यात त्या सांगत आल्या. तेथे नळी पट्टीतून सुटून जमिनीवर पडली होती. यंत्रातून वास येतो, म्हणून घरच्या बाई हैराण होत्या. ताईंनी त्यांना पुस्तक काढायला लावले. चित्राशेजारचा आकडा स्वतः वाचला आणि मोजपट्टी लावून दाखवला. पट्टी परत बांधली. दोन फेऱ्यांत वास गेला. आता त्या घरी जाळी, नळी आणि यंत्र लावणे हे काम ताईंकडे आहे. सगळीकडे असेच घडेल, असे नाही. पण ४० हा आकडा आणि त्यापुढचे सेंटिमीटर त्यांना वाचता आले, म्हणून घरच्या बाईंनी त्यांचे ऐकले.

निगा

यंत्रात भांडी लावण्यापूर्वी खरकटे काढून टाकावे. हाडे, बिया, दातकोरणी आत जाऊ देऊ नयेत. आठवड्यातून एकदा जाळी काढून धुवावी. उरलेले तेल सिंकमध्ये ओतू नये. ते पाईपात थंड होऊन थिजते, त्याला शिते चिकटतात. महिन्यातून एकदा ओट्याखालचे डबे काढून नळी पाहावी. पावसाळ्यात बाहेरचे चेंबर भरले, तर तळमजल्याच्या घरांनी विशेष जपावे. चेंबर मोकळे होईपर्यंत यंत्र चालवू नये. मोरीत पाणी वर येत असता यंत्राने आणखी पाणी सोडले, तर ते आपल्याच घरात पसरेल.

घरोघरचे सांडपाणी पुढे एकाच गटारात जाते. आपण जाळीत अडवलेली शिते आणि न ओतलेले तेल हे शेजाऱ्याच्याही उपयोगी पडते.

लक्षात ठेवा

नळी उंच असावी, टोकही उंच असावे.
नळी मोकळी असावी, हवेची फट बुजवू नये.
नळी घट्ट असावी, क्लॅम्प पाहत जावा.
पुस्तकातला आकडा वाचावा आणि मोजून पाहावा.

प्रश्न

१. पिंपातून बादलीत नळीने पाणी आपोआप का वाहते? ते कोणत्या दोन उपायांनी थांबते?
२. नळी सिंकच्या ट्रॅपच्या आधी का जोडावी?
३. नळीचा मधला भाग उंच आहे, पण टोक जमिनीवर आहे. कोणता धोका टळला? कोणता राहिला?
४. यंत्रात मिनिटाला ३ लिटर पाणी येते आणि तसेच वाहून जाते. अर्ध्या तासात किती लिटर वाया जाईल? १५ लिटरच्या किती बादल्या भरतील?
५. किमान ४० आणि कमाल १०० सेंटिमीटर असे लिहिले आहे. तुमचे टोक ३५ सेंटिमीटरवर आहे. काय कराल?

करून पाहा

दोन बादल्या आणि एक हातभर लांबीची स्वच्छ नळी घ्या. एक बादली स्टुलावर आणि एक खाली ठेवा. नळी पाण्याने भरून, दोन्ही तोंडे बोटांनी दाबून, एक टोक वरच्या बादलीत बुडवा आणि दुसरे खाली सोडा. आता बोटे काढा. धार सुरू होईल. मग खालचे टोक हळूहळू वर उचला. कोणत्या उंचीला धार थांबते, ते घरातल्या मुलांना दाखवा. पाणी फेकू नका, झाडांना घाला.

नवे शब्द

सांडपाणी : वापरून झालेले पाणी.
ट्रॅप : सिंक किंवा मोरीखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग.
क्लॅम्प : नळीभोवती आवळायची धातूची पट्टी.
सायफन : भरलेल्या नळीतून उंचवटा ओलांडून पाणी आपोआप खाली वाहणे.
झडप : एकाच बाजूला उघडणारे छोटे दार.